मुकादम पडला तो गुरुवार

“सर आले का?”

“नाही आले. अकरा वाजून बारा मिनिटं झालीत, वैजूभाई,” रुबीना म्हणाली. “आपल्याकडं दीडपर्यंतच टाइम आहे ना?”

दीडपर्यंतच होता. भोसरीतल्या माझ्या खोलीत कॉम्प्युटरच्या वर भिंतीला एक तक्ता चिकटवलेला होता. दहा माणसं, दहा गावं, प्रत्येक गावाचं लोडशेडिंग, मोबाइल नंबर आणि नेट बंद पडलं तर निरोप द्यायला शेजारपाजारचा एक नंबर. दोन हजार नऊ साल होतं. जालन्याची लाईट सकाळी जायची, भोरची दुपारी, बार्शीची सात ते साडेदहा. दहाही गावांत एकाच वेळी लाईट आहे आणि मला कारखान्याची सुट्टी आहे, असा आठवड्यातून एकच तुकडा सापडला होता. गुरुवार, अकरा ते दीड. म्हणून आमच्या गिल्डचं नाव ‘गुरुवारकर’.

ज्यांनी हे नेटवरचे खेळ कधी खेळले नाहीत त्यांना गिल्ड म्हणजे काय ते सांगायला हवं. त्या खेळात एकट्यानं हिंडता यायचं, पण मोठ्या गुहांत शिरायचं तर दहा जणांची टोळी लागायची, हेडफोन-माईकवर एकमेकांशी बोलत. टोळी म्हणजे गिल्ड, आणि टोळीनं गुहेवर चालून जाणं म्हणजे रेड. ढोल पथकासारखंच ते. नऊ जण तालात आणि एक चुकला, की सगळ्याचा विचका. भोरचा सुदाम थोपटे पुढं उभा राहून मार खायचा. जालन्याची रुबीना आणि बार्शीचे मल्लिनाथ उंबरजे सर आमचे वैद्य. जखमा भरायच्या, माणसं जिवंत ठेवायची हे त्यांचं काम. बाकीचे सहा जण मारणारे. आणि मी, वैजनाथ कदम, सगळ्यांवर ओरडणारा. कारखान्यात क्वालिटीला होतो, तिथंही तेच करायचो.

पहिल्याच गुहेत एक दगडी राक्षस होता, हातात चाबूक. थोपटेनं त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. सहा गुरुवार मुकादमानं आम्हाला झोडपून काढलं. हा सातवा होता.

आणि हा शेवटचाही ठरण्याची भीती होती. बंगळूरच्या एका बड्या गिल्डनं थोपटेला आणि रुबीनाला बोलावणं पाठवलं होतं. दोघांनीही ते मला सरळ सांगितलं, लपवाछपवी केली नाही. रुबीना म्हणाली होती, “आज मुकादम पडला तर मी इथंच. नाही पडला तर मला जाऊ द्या, भाई. दीड महिना झाला, मी फक्त मेलेल्यांना उठवतेय.” ते दोघं गेले की गुरुवारकर संपले. तेव्हा माझं लग्न मोडून वर्ष झालं होतं, लातूरला घरी जायची सोय उरली नव्हती, आणि आठवड्यातल्या सात दिवसांपैकी एका दिवशी मला कोणीतरी ‘काय करायचं?’ असं विचारत होतं. तो दिवस मला हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

अकरा वीसला सरांच्या नावापुढं हिरवा ठिपका आला.

“आलो, आलो. रागावू नका रे.” सरांना धाप लागली होती. “दळणाला गेलो होतो. साडेदहाला लाईट आली की अख्खी बार्शी गिरणीवर असते बघ. डबा घेऊन जिना चढलो आत्ताच.”

“किती किलोचा डबा?” रुबीनानं विचारलं.

“बारा असेल की.”

“सर, तुम्ही कशाला उचलता? पोराला सांगायचं ना कोणाच्या.”

“पोरं कुठली आता? सगळी पुण्यात, वैजनाथसारखी.”

सर चित्रकलेचे शिक्षक. रिटायर होऊन चार वर्षं झालेली, बायको जाऊन दोन. मुलगी सोलापूरला. तिनंच त्यांना कॉम्प्युटर आणून दिला होता, फोटो बघायला. सर खेळात शिरले ते गुहांची चित्रं बघायला म्हणून. तासन् तास एखाद्या खडकापुढं उभे राहायचे. मी त्यांना वैद्य म्हणून घेतलं ते नाइलाजानं, कारण त्या कामाला कोणी तयार होत नव्हतं. पण त्यांचा हात पक्का निघाला. घाई नाही, घबराट नाही. कोणाचं रक्त किती उरलंय ते नेमकं बघून तेवढंच भरायचे.

गिल्डचे नियम मी केले होते आणि त्यांचा मला अभिमान होता. दोन नियम महत्त्वाचे. पहिला, लढाई सुरू झाली की सगळ्यांचे माईक कुलपात. ते कुलूप माझ्या हातात. बोलणार फक्त मी. हा नियम कुकरच्या शिट्ट्यांमुळं आणि थोपटेच्या म्हशींमुळं करावा लागला होता. बाकीच्यांनी फारच अडलं तर टाइप करायचं. दुसरा नियम असा, की लढाईत कोणी अचानक थिजला तर त्याची लाईट गेली असं धरायचं. चौकशी नाही, फोन नाही, बाकीच्यांनी लढत राहायचं. सुरुवातीला एकाची लाईट गेली की उरलेले नऊ जण ‘अरे काय झालं, अरे काय झालं’ करत मरायचे.

त्या नियमावर मतं घेतली तेव्हा सर म्हणाले होते, “बरोबर आहे. मुलगा फेफरं येऊन पडला तरी बाकीच्या वर्गाचा पेपर थांबवत नाहीत.”

रुबीना म्हणाली होती, “सर, पण त्या मुलाकडं कोणीतरी जातं ना?”

“जातं की. शिपाई जातो.”

आम्ही सगळे हसलो होतो. आमच्याकडं शिपाई नव्हता.

साडेअकराला पहिला प्रयत्न झाला. मुकादमानं चौथ्या मिनिटाला आम्हाला आडवं केलं. सव्वाबाराला दुसरा. त्या वेळी त्याचं अर्धं रक्त गेलं होतं, आणि तेवढ्यात अकोल्याच्या पोरानं पाऊल मागं टाकायचं ते पुढं टाकलं. मी त्याला इतकं बोललो की तो माफी मागायलाही विसरला.

“भाऊ, शिव्या पुरे,” थोपटे म्हणाला. “आरं, जवळ आलोय आपण. आज व्हतंय बघ.”

“होतंय नाही, झालंच पाहिजे. सगळे उठा. पाच मिनिटांत परत.”

“वैजनाथ,” सर म्हणाले.

“बोला.”

“दहा मिनिटं थांबू या का? जरा पाठ टेकतो. ॲसिडिटी झाली वाटतं. सकाळपासून नुसत्या चहावर आहे.”

मी घड्याळ बघितलं. बारा चाळीस. गुहेच्या तोंडापासून मुकादमापर्यंत परत चालायला दहा मिनिटं, लढाई दहा मिनिटांची. दीडला भोरची लाईट जाणार, म्हणजे थोपटे जाणार. सरांनी दहा मिनिटं घेतली तर जेमतेम एकच प्रयत्न हाती राहात होता. लगेच निघालो तर कदाचित दोन.

“सर, आत्ताच सगळे गरम आहेत. पाणी प्या, चालता चालता बरं वाटेल.”

“सर, जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या,” थोपटे म्हणाला. “पुढच्या गुरुवारी बघू. काय आभाळ कोसळत नाय.”

“पुढच्या गुरुवारी तू बंगळूरला असशील,” मी म्हणालो.



“नको, नको,” सर म्हणाले. “माझ्यामुळं थांबायला नको. इनोची पुडी असेल घरात. चला तुम्ही, मी येतोच मागून.”

ते आले मागून. त्यांचा तो पांढऱ्या झग्यातला म्हातारा बोगद्यातून आमच्या मागं मागं चालत होता. दोनदा भिंतीला धडकला. मला वाटलं, एका हातानं पुडी फोडत असतील.

बारा त्रेपन्नला आम्ही मुकादमासमोर उभे राहिलो. मी सगळ्यांची नावं घेतली, प्रत्येकानं ‘तयार’ म्हटलं. सर म्हणाले, “तयार.” मग मी आकडे मोजायला लागलो. तीनवर होतो तेवढ्यात सर म्हणाले, “वैजनाथ, जरा—”

मी कुलूप लावलं.

“तुटून पडा!” मी ओरडलो.

इतकी सुरेख लढाई आम्ही पुन्हा कधी लढलो नाही. मी चाळीस जणांची टोळी चालवलीय नंतर, मोठमोठ्या गुहा पाडल्यात, पण तशी नाही. थोपटे चाबकाखाली खांबासारखा उभा होता. मी डावीकडं म्हटलं की नऊ जण डावीकडं. पाच मिनिटं सरांनी थोपटेला एकट्यानं जिवंत ठेवलं. एकही घाव वाया गेला नाही. मुकादमाचं रक्त एक तृतीयांश उरलं आणि थोपटेचं भरेना झालं.

सरांचा म्हातारा काठी खाली करून उभा होता.

पडद्याच्या खालच्या चौकटीत अकोल्याच्या पोरानं टाइप केलं, ‘सरांची लाईट गेली?’

रुबीनानं टाइप केलं, ‘सर??’

मी माईकवर म्हणालो, “लाईट गेली सरांची. नियम माहीत आहे. रुबीना, थोपटे तुझ्याकडं. बाकीच्यांनी बघू नका तिकडं. मारा.”

रुबीनानं त्यानंतरची चार मिनिटं कशी काढली ते तिचं तिला ठाऊक. तीन जण मेले. थोपटे शेवटी रक्ताच्या एका थेंबावर होता. एक वाजून तीन मिनिटांनी मुकादम गुडघ्यावर आला आणि आडवा झाला.

मी कुलूप काढलं. आठ जणांचा आवाज एकदम कानात शिरला. थोपटे रडत होता, खरंच रडत होता, आणि मागं त्याची आई विचारत होती, “आरं काय झालं? कोण गेलं का?” आम्ही मेलेल्यांना उठवलं. कोणीतरी म्हणालं, पडद्याचा फोटो काढा. मग सगळे मुकादमाच्या धडाजवळ गोळा झाले. सर तिथंच उभे होते, म्हणून त्यांना मधोमध घेतलं. नऊ जण भोवती उड्या मारतायत, हात उंचावतायत, आणि मधे पांढऱ्या झग्यातला म्हातारा मान किंचित खाली घालून उभा. फोटोवर वेळ आहे, एक वाजून नऊ.

“वैजूभाई,” रुबीना म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता. “सर उभे आहेत.”

“मग?”

“लाईट गेली असती तर मिनिटभरात गायब झाले असते. माझी गेली की मी गायब होते. त्यांचा कॉम्प्युटर चालू आहे.”

“नेट अडकलं असेल.”

“नेट गेलं तरी गायब होतात.”

“मग पाठ टेकायला गेले असतील. म्हणाले नव्हते का?”

“लढाई सोडून?”

मी सरांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून माईकजवळ धरला. रिंग वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला, तसंच. “झोपले,” मी म्हणालो. “उठले की कळेल त्यांना, काय गमावलं ते.” दोघं-तिघं हसले. दीडला थोपटेचा ठिपका गेला, मग एकेक करत सगळ्यांचे. सरांचा हिरवाच होता. मी कॉम्प्युटर बंद करून खानावळीत गेलो आणि मटणाचं ताट मागवलं. पोटभर जेवलो आणि दोन तास गाढ झोपलो.

शुक्रवारी दुपारी मी कारखान्यात मापं तपासत होतो तेव्हा मोबाइल वाजला. पडद्यावर ‘उंबरजे सर’.

“काय सर!” मी मशिनच्या आवाजावर ओरडलो. “कुठं गायब झालात? अहो, पाडला ना मुकादम!”

 पलीकडून एका बाईंचा आवाज आला. “मी त्यांची मुलगी बोलतेय, शैला. पप्पा काल गेले. त्यांच्या मोबाइलवर तुमचे दोन मिसकॉल होते.”

मी काय बोललो ते आठवत नाही. मापाचं यंत्र खाली ठेवलं हे आठवतं.

रात्री मी सगळ्यांना एकेक करून फोनवर कळवलं. थोपटे म्हणाला, “आपण तिथं नाचत व्हतो की रं,” आणि फोन ठेवला. रुबीनानं शांतपणे ऐकून घेतलं.

“किती वाजता, भाई?”

“नक्की माहीत नाही. चारला शेजाऱ्यांनी बघितलं म्हणे.”

“मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे.”

“रुबीना, मला काय कल्पना—”

“मी चूक केली. मी टाइप करून गप्प बसले. जिंकत होतो म्हणून.” ती पुढं म्हणाली, “मी बंगळूरला नाही जात. कुठंच नाही जात. हा खेळच नको मला.” पुढच्या गुरुवारी तिचं नाव यादीत नव्हतं. ती जाऊ नये म्हणून तर मी मुकादम पाडला होता.

पंधरा दिवसांनी मी बार्शीला गेलो. शैलाताई माझी वाट बघत होत्या. पस्तिशीच्या असतील. कपाळावर विभूतीचे पट्टे होते. जिना अरुंद होता, वीसेक पायऱ्यांचा. जिन्याच्या पायथ्याशी औषधांचं दुकान. दुकानदार मला बघून म्हणाला, “सरांच्या इथं का? जावा वर.”

सरांच्या खोलीत भिंतभर गुहांची चित्रं होती. वॉटरकलर. मुकादमही होता एका चित्रात, चाबूक खाली टाकून बसलेला, दमल्यासारखा. कॉम्प्युटरवर कापड घातलं होतं. शैलाताईंनी चहा आणला.

“खुर्चीतच होते,” त्या म्हणाल्या. “कानाला ते हेडफोन तसेच. आम्हा लिंगायतांत बसवूनच माती देतात, दादा. लोक म्हणाले, सर आयतेच बसलेत.” त्या जरा हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला. “डॉक्टर म्हणाले, लगेच कोणी खाली हाक मारली असती तर कदाचित. पण घरात कोण होतं हाक मारायला?”

मी कप बशीत ठेवला.

“एक विचारू? शेवटी काही बोलले का ते? तुमचं तर बोलणं चालू असतं ना त्याच्यावर?”

आता इथं सांगतो. आजवर हे कोणाला सांगितलेलं नाही, रुबीनालाही नाही. माईक कुलपात असले तरी कोणी बोललं की त्याच्या नावाशेजारी एक बारीक दिवा लुकलुकायचा. आवाज यायचा नाही, दिवा दिसायचा. आणि तो फक्त कुलूप लावणाऱ्यालाच दिसायचा. सरांचा म्हातारा थिजल्यानंतर त्यांच्या नावाशेजारचा दिवा लागत होता. लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. मी तो बघितला. लाईट गेलेल्या माणसाचा दिवा लागत नाही हे मला चांगलं कळत होतं. कुलूप काढायला एक बटण दाबायचं होतं. मला वाटलं, म्हातारा काहीतरी सुचवत असेल, नाहीतर पुन्हा थांबा म्हणेल, आणि थांबलो तर मुकादम जातो. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं, लाईट गेली. दिवा तीनेक मिनिटं लुकलुकला. मग लांब, बराच वेळ लागून राहिला आणि विझला. खालच्या औषधाच्या दुकानाचा नंबर माझ्या डोक्यावर, तक्त्यावर लिहिलेला होता.

“नाही,” मी शैलाताईंना म्हणालो. “काही बोलले नाहीत.”

त्यांनी मान हलवली. “त्रास झाला नसेल मग. झटक्यात गेले असतील.”

“हो.”

त्या उठल्या आणि आतल्या खोलीतून एक फ्रेम घेऊन आल्या. तो फोटो होता. एक वाजून नऊचा. अकोल्याच्या पोरानं सगळ्यांना मेलवर पाठवला होता, सरांनाही.

“पप्पांच्या मेलमध्ये सापडला. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण हे मधले पप्पा ना? आणि भोवती तुम्ही लोक?”

“हो. मधले सर.”

“मी सगळ्या नातेवाइकांना दाखवते. सगळे म्हणतात, बिचारे एकटे गेले. मी म्हणते, एकटे कुठं? ही बघा माणसं.” त्यांनी फ्रेमवरून बोट फिरवलं, आमच्या नऊ जणांवरून, उंचावलेल्या हातांवरून. “तुम्ही सगळे होतात ना त्यांच्याजवळ, दादा? शेवटपर्यंत?”

त्या माझ्याकडं बघत होत्या. खाली दुकानदार कोणालातरी गोळ्या दिवसातून किती वेळा घ्यायच्या ते समजावून सांगत होता. त्याचा शब्द न् शब्द वर ऐकू येत होता.

“होतो,” मी म्हणालो.